पळसगावचा यशवंत

नाईक यशवंत घाडगे याच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचं, मानपत्र वाचायला घेतलं आणि मी एका वाक्याच्या मध्येच थांबले. आपल्या सोबत यायला सेक्शनमधलं, म्हणजे आपल्या छोट्या तुकडीतलं, एकही माणूस उरलेलं नाही हे पक्कं ठाऊक असताना तो मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला, असं तिथे लिहिलं आहे. लढाईच्या काळातला सरकारी कागद, त्याची कोरडी, मोजूनमापून वापरलेली भाषा. तरी ही एक गोष्ट लिहिणाऱ्याला गाळता आली नाही.

तारीख 10 जुलै 1944. इटलीत पेरुजा शहराच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी जर्मनांच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली होती. यशवंतच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तो सोडून सगळे मेले किंवा जखमी होऊन पडले. त्याने आधी हातबॉम्ब फेकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गेले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणून ठार केलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने घेतलेल्या त्या मोर्चातच तो मेला. जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा, म्हणजे वय बावीस पूर्ण, आठवा महिना चालू. इतक्या वयाच्या पोराला अहो-जाहो करून मला लांब ढकलायचं नाही.

वीरांची भाषणं ऐकत आपण मोठे होतो. ‘शत्रूचा खातमा केला’ एवढं म्हणून वक्ता पुढे सरकतो आणि टाळ्या पडतात. मला मात्र त्या मोर्चात थोडं थांबावंसं वाटतं. बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारायचा तर त्याच्या अगदी जवळ जावं लागतं. त्याचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. तापलेली नळी हात भाजत असणार. पळसगावच्या एका शेतकऱ्याच्या वयात आलेल्या पोराला हे करावं लागलं आणि पुढच्या काही क्षणांत तोही गेला. त्याला शूर म्हणताना हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच म्हणायला हवं. हे झाकून केलेला गौरव मला त्याचा वाटत नाही.

आणि ती सेक्शन. कागदावर सेक्शन म्हणजे दहाएक माणसांची तुकडी, तिचा म्होरक्या नाईक. मराठा पलटणीत ही माणसं कोण असायची? देशावरचे आणि कोकणातले शेतकऱ्यांचे मुलगे. सगळे मराठी बोलणारे, तीच ओवी, तीच शिवी समजणारे. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या मैदानावर एकाच उस्तादाच्या शिव्या खाल्लेले. परमुलखात ज्यांच्याशी आपल्या भाषेत बोलता येतं, जे आपल्या ताटातलं उचलून खातात, अशी माणसं. ती एकदम, काही सेकंदांत, आजूबाजूला कोसळली. कोणी गप्प झालं असेल, कोणी हाका मारत असेल. मशीनगन चालूच होती आणि जे जखमी होऊन पडले होते ते तिच्या टप्प्यात होते. यशवंत मागे सरकला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. तुकडीच उरलेली नसलेल्या नाईकाने कुणाला घेऊन लढायचं? पण ती मशीनगन बंद पाडायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्याच्या त्या धावण्याचं कारण मी इथेच शोधते. लंडनचा राजा, दिल्लीचा व्हाइसरॉय, मित्रराष्ट्रांचा विजय ही सगळी फार लांबची गोष्ट होती. जवळ होती ती पडलेली आपली माणसं.

पळसगाव माणगाव तालुक्यातलं. आताच्या रायगड जिल्ह्याचं तेव्हाचं नाव कुलाबा. एका बाजूला रायगड किल्ला, खाली महाड. यशवंत पाच वर्षांचा असताना, 20 मार्च 1927 ला, महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. तो आठ वर्षांचा असताना, 25 सप्टेंबर 1930 ला, याच जिल्ह्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. पळसगावपर्यंत यातलं किती पोचलं असेल ते असो. तो ज्या मातीत वाढला ती माती झोपलेली नव्हती, एवढं नक्की. मात्र तिच्यात पोटापुरतं पिकायचं नाही. कातळ, उतार, पाऊस धो धो आणि दिवाळीनंतर शेतात काम नाही. आमच्याकडच्या घरांना दोनच वाटा होत्या, एक मुंबईची गिरणी आणि दुसरी पलटण. दोन्हीकडून मनीऑर्डर यायची, आणि तिच्यावर सावकाराचं व्याज, बहिणीचं लग्न, छपराची कौलं असं सगळं चालायचं. शिपायाला महिना सोळा-अठरा रुपये मिळायचे. आज हसू येईल इतकी रक्कम, पण कोकणातल्या घरात रोख पैसा बघायला मिळणंच दुर्मीळ होतं.

3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या एकाही लोकप्रतिनिधीला विचारलं नाही. तेव्हा दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी फौज 1945 पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती, सगळे आपणहून आले, असं त्याबद्दल अभिमानाने सांगितलं जातं. आपणहून, हे खरंच. पण ज्याच्यापुढे दोनच वाटा आहेत त्याच्या आपणहून येण्याला किती वजन द्यायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. फौज इतक्या झपाट्याने वाढत होती की नव्या पोरांना सांभाळायला लवकर नाईक-हवालदार लागायचे. विशीतला यशवंत त्यातलाच एक.

तो ज्या पलटणीत गेला तिच्या अंगावर आधीच्या जखमा होत्या. ही मूळची 110 वी मराठा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ती अडकली. पाच महिने उपासमार सोसून 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेला शरण जावं लागलं आणि त्यानंतरच्या कैदेत असंख्य शिपाई मेले. 1941 च्या मार्चमध्ये हीच पलटण इरिट्रियात केरेनच्या उभ्या कड्यांवर इटालियनांशी लढली. तेव्हाचा तिचा कमांडिंग ऑफिसर डेनिस रीड पुढे वाळवंटात पकडला गेला, इटलीतल्या कैदेतून निसटला आणि 1944 मध्ये दहाव्या हिंदी डिव्हिजनचा सेनापती होऊन त्याच इटलीत लढत होता. यशवंतची बटालियन त्याच्याच डिव्हिजनमध्ये होती. इंग्रजी पुस्तकांत रीडबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. त्याच्या पलटणीतल्या मराठी शिपायांची नावं शोधायला मात्र दगडावर कोरलेल्या याद्यांकडे जावं लागतं.

इटलीतल्या त्या उन्हाळ्याकडे तेव्हाही जगाचं लक्ष नव्हतं. 4 जूनला रोम पडलं, 6 जूनला नॉर्मंडीत फौजा उतरल्या आणि सगळ्यांच्या नजरा फ्रान्सकडे वळल्या. इकडे जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतं, पण पळत नव्हतं. डोंगरांमधली पुढची मोठी संरक्षणफळी तयार होईपर्यंत त्यांना वेळ काढायचा होता. म्हणून प्रत्येक टेकडीवर थोडी माणसं, एक-दोन मशीनगन, उतारावर सुरुंग. एक दिवस, दोन दिवस अडवून धरायचं, पुढच्याची माणसं मारायची आणि रात्रीतून मागच्या टेकडीवर जायचं. टायबरच्या खोऱ्यात अशा टेकड्यांना तोटा नाही. ज्या मोर्चासाठी यशवंत मेला तो सगळा महिना चाललेल्या या चढाओढीतला एक. युद्धाच्या मोठ्या नकाशावर त्याला टिंबही नाही.

तिकडे गव्हाच्या कापणीचे दिवस होते, कोरडं कडक ऊन. इकडे माणगावात लावणी. आषाढी एकादशी होऊन आठवडाभर झाला असेल. शेतात गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं, हातात आवणाच्या जुड्या आणि वाकून वाकून कंबर मोडलेल्या बाया. लावणीत कोणाच्या घरचा माणूस कुठे आहे याचा विचार करायलाही कोणाला सवड नसते, कारण पाऊस थांबून राहत नाही. पलटणीतल्या माणसाच्या बायकोचा जीव मात्र अर्धा पोस्टमनच्या वाटेवर असायचा. पत्र आलं तर ते वाचायला मास्तरकडे न्यायचं. नवऱ्याचं खाजगी सुखदुःख तिसऱ्या माणसाच्या तोंडून, चार जणांसमोर ऐकायचं. आणि तार आली तर वाचायच्या आधीच रडं सुरू व्हायचं, कारण तारेने चांगली बातमी येते हे खेड्यात कोणाला माहीत नव्हतं.

यशवंतच्या बायकोचं नाव लक्ष्मीबाई. व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा 2 नोव्हेंबर 1944 च्या गॅझेटमध्ये झाली, म्हणजे दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. पुढच्या वर्षी, 1945 मध्ये, दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेलने ते पदक तिच्या हाती दिलं. मी या प्रसंगाचा फार विचार करते. कुलाबा जिल्ह्यातल्या वाडीवरची तरणी विधवा, जिचं कुंकू पुसून वर्षही झालेलं नाही, ती आगगाडीने दिल्लीला जाते. समोर संचलन, बँड, गोरे साहेब, राजेमहाराजे. साम्राज्याला शौर्याचा सोहळा करायला येत होता, यात शंका नाही. ब्राँझच्या त्या क्रॉसवर ‘शौर्यासाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. ज्या घरात लावणीला एक जोडी हात कमी पडत होते, त्या घरात ते पदक आलं.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. आपल्याकडे या शिपायांविषयी बोलताना माणसं अवघडतात. इंग्रजांच्या फौजेत होता ना, असं हळूच म्हणतात. या अवघडण्याला कारण आहे आणि ते मला खोटं वाटत नाही. यशवंत मेला त्या दिवशी नेहरू, पटेल, आझाद नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजी कारभार मोडून काढत होतं. त्याच राजवटीत आदल्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नाविना मेली होती.

आणि याच कुलाबा जिल्ह्यात माथेरानचे भाई कोतवाल होते. व्यवसायाने वकील, पण सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणारे, आदिवासी मुलांसाठी शाळा चालवणारे. 1942 च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले. कोतवालांचं वय तीस.

एकाच जिल्ह्याचे दोन तरुण. एकाला इंग्रज सरकारच्या गोळीने मारलं. दुसरा दीड वर्षाने इंग्रज सरकारच्या गणवेशात मेला. एकाचं नाव आम्ही शाळेत घोषणेसारखं घेतलं, दुसऱ्याचं क्वचित ऐकलं. मला दोघांपैकी एकाची निवड करायची नाही. कोतवालांनी जे केलं ते पुरतं समजून, ठरवून केलं, आणि देश मोकळा झाला तो तशा माणसांमुळे. त्यांचं स्थान वेगळं आणि वरचं आहे, हे मी मनापासून मानते. पण यशवंतकडे जाब मागायचा कशाचा? युद्ध त्याने पुकारलं नव्हतं. ज्यांनी पुकारलं त्यांनी त्याच्या देशाला विचारलं नव्हतं. आणि ज्या घराला त्याची मनीऑर्डर हवी होती त्या घराला दुसरं काही देऊ करणारं तेव्हा कोणी नव्हतं. तो स्वातंत्र्यसैनिक नव्हता, त्याला तसं ठरवायची गरज नाही. तो भाडोत्रीही नव्हता. सोळा-अठरा रुपयांसाठी माणूस कवायत करतो, खंदक खणतो, पहारा देतो; सगळे पडल्यावर एकटा मशीनगनवर धावून जात नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडे सांगितली जात नाही. मोन्तोने हे त्या भागातलं टेकडीवरचं छोटं गाव. तिथून जवळच गुब्बियो आहे. यशवंत मेला त्याच्या अठरा दिवस आधी, 22 जून 1944 ला, गुब्बियोत जर्मन सैन्याने सूड म्हणून चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या. त्यांचा लढाईशी संबंध नव्हता. त्या खोऱ्यातल्या माणसांना टेकडीवरची जर्मन मशीनगन म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं, आणि ती बंद पाडायला कोण आलं होतं हेही. सावळे, अनोळखी भाषा बोलणारे शिपाई आले, टेकडीमागून टेकडी घेत पुढे गेले, काही तिथेच राहिले. आपण इथे बसून तो कोणाच्या फौजेत होता हे मोजतो. तिथल्या म्हाताऱ्यांच्या लेखी तो मोजणीचा प्रश्न नव्हता.

यशवंतने मारलेल्या जर्मनांचाही विचार मनात येतो. तेही कुठल्या तरी गावचे, बहुधा त्याच्याच वयाचे असतील. फुता खिंडीतल्या जर्मन दफनभूमीत तीस हजारांहून जास्त सैनिक पुरलेले आहेत, त्यांच्यात ते असतील किंवा नसतील. त्यांची राजवट क्रूर होती, हे त्यांना माफ करण्याचं किंवा न करण्याचं कारण होऊ शकतं. त्यांच्या आयांसाठी ते कारण नव्हतं. युद्धाचा तिरस्कार आणि यशवंतचा अभिमान या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात. एकीने दुसरीला हटवलेलं नाही, आणि तसं व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

इटलीच्या लढाईत हिंदी फौजेचे पन्नास हजारांवर लोक लढले, 5,782 मेले. तिथे दिले गेलेले वीस व्हिक्टोरिया क्रॉस, त्यातले सहा हिंदी फौजेचे, आणि त्या सहांत दोन मराठे. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, पहिल्या बटालियनचे शिपाई, जन्मही 1921 चाच. 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर त्यांनी मशीनगनच्या माऱ्यातून दोन जखमी सोबत्यांना नदीपार सुरक्षित पोचवलं आणि मग परत जाऊन एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. हाताला गोळी लागली म्हणून टॉमीगन टाकून हातबॉम्ब फेकले. शेवटी बांधावर उभं राहून पलटणीची युद्धगर्जना दिली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. ते वाचले. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला, महाराष्ट्र राज्य झालेलं पाहिलं, 1984 पर्यंत जगले.

हे वाचलं की यशवंतच्या वाट्याला न आलेली वर्षं मला एकदम मोठी दिसायला लागतात. त्यालाही चाळीस वर्षं मिळाली असती. त्याची पलटण पुढे हवाई छत्रीवाली झाली, 1948 मध्ये काश्मीरमध्ये झांगड परत घेताना लढली, आणि नंतर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून नव्याने बांधली गेली. तो तोपर्यंत हवालदार झाला असता, सुभेदार होऊन निवृत्त झाला असता. किंवा लढाई संपताच गावी येऊन नांगर धरला असता, आणि इटलीबद्दल कधी चकार शब्द काढला नसता. परत आलेल्या पुष्कळांनी तसंच केलं. माझ्या आजोळच्या गावात असे एक म्हातारे होते. सगळे त्यांना हवालदार म्हणायचे. दिवाळीत पोरं फटाके वाजवायला लागली की ते उठून नदीकडे निघून जायचे. त्यांना कोणी कारण विचारायचं नाही.

यशवंतला समाधी नाही. कासिनोच्या युद्धस्मशानात हिरव्या संगमरवराच्या मोठ्या शिळा उभ्या आहेत. ज्यांचं दफनस्थान माहीत नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं त्यांवर आहेत, त्यांत त्याचंही नाव आहे. माणगावात त्याचं स्मारक आहे. आणि जुलै 2023 मध्ये मोन्तोनेत त्याच्या नावाने सूर्यघड्याळ बसवलं गेलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. ज्या गावाने हे केलं त्याची लोकसंख्या आपल्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढीही नाही. एकोणऐंशी वर्षांनी त्यांना एक परदेशी नाईक आठवला.

आपल्याकडे दर 2 जानेवारीला सिद्धगडावर माणसं जमतात, भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांना मानवंदना देतात. ती प्रथा अशीच चालू राहावी. माझं मागणं इतकंच आहे की 10 जुलैला रायगड जिल्ह्यातल्या शाळांनी यशवंत घाडगेचीही गोष्ट मुलांना सांगावी. तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात. पदकापासून सुरुवात करू नये. पळसगाव, लावणी, मनीऑर्डर, बेळगाव, बोट, ती टेकडी, असं क्रमाने सांगावं. दस्त्याने मारलेल्या दोघांची गोष्टही वगळू नये. सातवी-आठवीतल्या मुलांना ती पेलते. गुब्बियोचे चाळीस जण सांगावेत आणि नगरच्या किल्ल्यातले कैदीही सांगावेत. मुलं विचारतील की मग तो कोणाच्या बाजूचा होता. त्यावर वर्गात भांडण झालं तर होऊ द्यावं.